प्रश्नावली की कृती-संशोधन?
संस्थेतील बदलांचा अभ्यास करताना प्रश्नावलीतून शेकडो कर्मचाऱ्यांची मते थोड्या दिवसांत मिळतात व विभागवार तुलनाही करता येते. मात्र ‘वरिष्ठ माझे म्हणणे ऐकून घेतात’ या विधानापुढे पाचपैकी ‘३’ वर खूण करणारा खरोखरच तटस्थ आहे, की नाव उघड होईल या धास्तीने मधला आकडा निवडतो आहे, हे त्या खुणेवरून कळत नाही. बदल का फसला हे शोधायचे असल्यास मी कृती-संशोधनच निवडेन. सामाजिक मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत आखणी, कृती आणि परिणामांची तपासणी हे चक्र कर्मचाऱ्यांसह पुन्हा पुन्हा फिरते. ते वेळखाऊ असते. शिवाय (खरी पंचाईत इथेच) संशोधक स्वतःच बदलात सहभागी असल्याने त्याला तटस्थ राहणे जड जाते.