तारा परवडल्या, रबरानं जीव काढला: अंडरबाईटचे १४ महिने

परवा रात्री शेतात भरीत पार्टी होती. पऱ्हाट्यांवर वांगी भाजली, बडगीत कुटली, सोबत कळण्याची भाकरी आणि कांद्याची पात. तिसऱ्या घासाला भरितातला शेंगदाणा दाताखाली आला आणि कट्ट! खालच्या डाव्या सुळ्यावरचं ब्रॅकेट (तार धरायला दातावर चिकटवतात तो छोटा तुकडा) सुटून तारेवर मण्यासारखं सरकायला लागलं. ही चौथी वेळ. पुन्हा चिकटवायचे ५०० रुपये. सुरुवातीला पैसे भरताना "यात सगळं आलं" असं सांगितलं होतं. आता फोनवर दवाखान्यातली काउंटरची मुलगी म्हणते, पहिल्या दोन वेळा फुकट, मग चार्ज; बोर्ड लावलाय ना भिंतीवर. तो बोर्ड मागच्या महिन्यात लागलाय. त्या रागातच लिहायला बसलोय.

अंडरबाईट म्हणजे खालचे दात वरच्यांच्या पुढे. तसे दात असणाऱ्यांना बाकीचं सांगायला नको, शाळेत काय काय नावं पडतात ते त्यांना ठाऊक आहे. मी २४ वर्षांचा असताना जळगावला दातांच्या डॉक्टरकडे गेलो. बाजूनं एक्स-रे काढला. वरचा जबडा थोडा मागे, खालचा थोडा पुढे, असा दोन्हीकडून घोळ निघाला. आठ-नऊ वर्षांचा असताना आलो असतो तर चेहऱ्यावर लावायच्या मास्कनं वरचा जबडा पुढे ओढता आला असता म्हणे. त्या वयात आमच्याकडे दात किडल्याशिवाय कोण डॉक्टरकडे नेतं? आता रस्ते दोनच: नुसत्या तारा, नाहीतर तारा आणि शस्त्रक्रिया दोन्ही. शस्त्रक्रियेत खालचा जबडा दोन्ही बाजूंनी कापून मागे बसवतात, टायटॅनियमच्या पट्ट्यांनी जोडतात, काही आठवडे पातळ खाणं. खालचा ओठ महिनोन्‌महिने बधिर राहू शकतो, काहींचा कायमचाही. आकडा ऐकला, दोन-अडीच लाख. मी ४८,००० च्या तारा हप्त्यानं घेतल्या.

तारांबद्दल तक्रार नाही. पहिले चार दिवस दुखतं, तार गालाला टोचते, मेण लावायचं. तिसऱ्या महिन्यात दाढांवर निळ्या रंगाचे उंचवटे चिकटवले, वरचे दात खालच्यांना न अडकता पुढे यावेत म्हणून. दाढा टेकेनात, तेव्हा खिचडी गिळूनच खाल्ली. तेही चाललं.

खरा ताप रबराचा, खालचे दात मागे आणि वरचे पुढे ओढणाऱ्या. वरच्या दाढेच्या हुकपासून खालच्या सुळ्याच्या हुकपर्यंत, दोन्हीकडे एकेक. जेवताना आणि ब्रश करताना काढायचं, बाकी दिवसरात्र तोंडात. पाकिटावर कोल्ह्याचं चित्र, आत १०० रबरं, किंमत १५० रुपये. म्हणजे रोजचे ३ रुपये. मी काय केलं, एक जोडी तीन-तीन दिवस चालवली. रबर तुटत नव्हतं, मग फेकायचं कशाला? पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी मोजलं तर दात दोन महिन्यांत जागचे हलले नव्हते. वैतागून मी त्यांनाच सुनावलं. त्यांनी तोंडातलं रबर आणि पाकिटातलं नवं रबर चिमट्यानं शेजारी शेजारी ताणून दाखवलं. जुनं शेवईसारखं लोंबलं. लाळेत भिजलं की ताण काही तासांतच उतरायला लागतो. दोन महिन्यांत १२० रुपये वाचवले आणि अमळनेर-जळगाव एसटीच्या दोन फेऱ्या वाया घालवल्या.

एकदा त्याच एसटीत जांभई दिली आणि रबर सुटून पुढच्या सीटवरच्या आजीबाईंच्या खांद्यावर. त्यांना कळलं नाही. मी सांगितलं नाही.

रोज नवं घालायला लागल्यावर मात्र फरक पडला, हे कबूल. नवव्या महिन्यात ओट्याजवळ उभ्या उभ्या कांद्याची पात तोंडात धरली आणि कच्च करून तुटली. पुढच्या दातांनी! याआधी पात, मेथीची काडी, शिवणाचा दोरा, काहीच पुढून तुटायचं नाही. सगळं दाढेखाली न्यावं लागायचं. मी आईला तीन वेळा तोडून दाखवलं. आई म्हणाली, "पात तोडाले पन्नास हजार लागनात का?"

पण फोटो पाहिला की हनुवटी तिथंच. तारा दात हलवतात, जबडा नाही. डॉक्टरांनी हे पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, मी तेव्हा फक्त रक्कम ऐकत होतो. वेटिंगमध्ये चोपड्याकडची एक मुलगी भेटायची. तारा लावून वर्ष झालं तरी तिचे खालचे दात आणखी पुढे गेलेले. मला वाटायचं, हिचं काम बिघडवलं. तिनंच समजावलं: शस्त्रक्रियेआधी दात आपापल्या जबड्यावर सरळ करून घेतात, त्यामुळे मधे अंतर वाढलेलं दिसतं, मग जबडा हलवला की दात बरोबर बसतात. तिची तारीख लागली आहे. ज्याला चेहऱ्याचा त्रास जास्त वाटतो त्याला "कशाला कापून घेतो" असं मी आता म्हणणार नाही. मला पात तोडायची होती.

शनिवारी जाणार आहे. पहिल्या दिवशीची पावती सापडली, तिच्यावर पेनानं "सर्व खर्चासह" लिहिलंय, ती सोबत नेतोय. ५०० चं तिथं बघू. पण सुटलेलं ब्रॅकेट नेमकं हुकवालं आहे, त्यामुळे डावीकडचं रबर अडकवायला जागाच नाही. तोपर्यंत नुसतं उजवीकडचं लावतोय, आणि रोज सकाळी आरशात दातांची मधली रेघ एका बाजूला सरकली का ते बघतोय.