सासूबाईंच्या कुड्या आणि बोळातलं दुकान

सासूबाईंच्या हिऱ्याच्या कुड्या माझ्याकडे आल्या तेव्हा डाव्या कुडीतला एक खडा पडलेला होता आणि उरलेले तेरा काचेसारखे मंद दिसत होते. सात-सात खड्यांच्या कुड्या, 1951 साली त्यांच्या लग्नात घडवलेल्या. आधी एका मोठ्या शोरूममध्ये गेले. तिथल्या मुलीने दहा सेकंद पाहून सांगितलं, "मॅडम, हा कट आता चालत नाही. मोडून नवीन घ्या." चहा मात्र चांगला होता.

मग मैत्रिणीने पुण्यात सोन्या मारुती चौकाजवळच्या बोळातलं एक दुकान सुचवलं. तीन माणसं जेमतेम बसतात. (नाव लिहू नका, गर्दी झेपत नाही, असं दुकानदार काकांनीच बजावलंय.) भिंगातून बघून म्हणाले, "वहिनी, खडे चांगले आहेत, नुसते माखलेत." हिरा पाणी धरत नाही, तेलाला मात्र सोडत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या किम्बर्लीच्या खाणींत म्हणे ओली खडी ग्रीस फासलेल्या टेबलांवरून सोडत. दगड वाहून जात, हिरे तेवढे चिकटून राहत. आमच्याकडे ते काम सासूबाईंच्या खोबरेल तेलाने केलं होतं. वरून शिरलेला प्रकाश मागच्या पैलूंवरून उलटून वर यायला हवा, तो मळात जिरत होता. साबणाचं कोमट पाणी, मऊ ब्रश, माझ्यासमोर वीस मिनिटं. सासूबाई हळदीकुंकवाला दिव्याच्या बाजूलाच का बसायच्या, ते कळलं!

आमच्या घरी हे हिरे गोवळकोंड्याचे असल्याची आख्यायिका आहे. काका हसले. गोवळकोंड्याला बाजार होता, खाणी दूर कृष्णाकाठी, कोल्लूरला वगैरे. त्या आटत गेल्या, 1720 च्या दशकात ब्राझीलचा माल आला आणि 1867 नंतर दक्षिण आफ्रिकेचा. तेव्हा 1951 च्या कुडीत आफ्रिकेचा खडा असण्याचीच शक्यता जास्त. घरी हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

पडलेल्या खड्याच्या जागी त्यांनी आधी प्रयोगशाळेतला हिरा दाखवला, आणि तो तसला आहे हे मी न विचारता सांगितलं. कार्बनच तो, किंमत कितीतरी कमी. हिरा ओळखणारी टेस्टरची पेन दोन्हींवर सारखीच वाजते, कारण ती फक्त उष्णता किती झपाट्याने पसरते ते बघते. पण सत्तावन्न काटेकोर पैलूंचा तो नवा खडा जुन्या, हाताने घासलेल्या सहा खड्यांत बसवून पाहिला तर कवळीतल्या दातासारखा दिसला. काकांनीच काढून घेतला. "थांबाल का? जुन्या घडणीचा शोधतो."

शोधायला पाच आठवडे लागले, सांगितले होते दोन. मधे दोनदा फोन उचलला नाही. कार्ड चालत नाही. पण ठेवून घेताना वजन माझ्यासमोर केलं आणि पावतीवर खडे मोजून लिहिले, हे इतर ठिकाणी मागून घ्यावं लागतं. खड्याचे पैसे वेगळे, मजुरी अठराशे. लग्नाची घाई असेल तर इथे जाऊ नका.

एक गुण कापला, पाचपैकी चार. उजव्या कुडीची फिरकी अजून जड फिरते. मंगळवारी पुन्हा जाणार आहे.