एनएसएसची दोन वर्षं: साताऱ्यात नवीन शिकायला आलेल्यांनी घ्यावं का? माझा रिव्ह्यू

ॲडमिशन सुरू झाल्या की आमच्याकडच्या पोरींचे मेसेज येतात, ताई एनएसएस घेऊ का, त्यात काय मिळतं, नुसतं झाडू मारायला लावतात का. प्रत्येकीला वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. मी साताऱ्यात बीएस्सी केलं, एनएसएसची दोन्ही वर्षं आणि विशेष शिबिर पूर्ण केलं. कॉलेजचं नाव घेत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत. पाचपैकी चार स्टार, आणि घर सोडून होस्टेलला किंवा रूम करून राहणार असाल तर नक्की घ्या.

आधी माहिती देते. एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, कॉलेजच्या मुलामुलींनी समाजसेवेचं काम करायची सरकारी योजना. ती 24 सप्टेंबर 1969 ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली, तेव्हा 37 विद्यापीठं आणि साधारण 40 हजार विद्यार्थी होते. वर्षाला 120 तास काम, म्हणजे दोन वर्षांचे 240, आणि त्याशिवाय एकदा सात दिवसांचं निवासी शिबिर. एका युनिटला साधारण 100 जण असतात पण शिबिराला त्यातले निम्मेच जातात, त्यामुळं शिबिरात नाव लागावं असं वाटत असेल तर सुरुवातीपासून कामाला येत जा, पीओ (प्रोग्राम ऑफिसर, म्हणजे एनएसएस बघणारे) सर आणि मॅडम बरोबर बघत असतात कोण येतंय कोण नाही ते.

आता मला ह्याचा काय उपयोग झाला ते. मी माण तालुक्यातली, दहिवडीच्या बाजूची. एफवायला वर्गात बसले तर साताऱ्यातल्या मुली सगळ्या एकमेकींना शाळेपासून ओळखणाऱ्या, लेक्चर सुटलं की त्या घोळक्यानं पोवई नाक्याकडं निघायच्या आणि मी रूमवर. कुणी वाईट वागलं असं अजिबात नाही, पण आपण आलो काय न आलो काय कुणाला फरक पडत नाही हे जे वाटतं ना ते फार वाईट असतं, शनिवार आला की मी एसटी पकडून घरी पळायचे. फ्रेशर्स पार्टीनं पण काही बदललं नाही, फोटो निघाले आणि सोमवारी परत तेच.

बदललं ते रक्तदान शिबिरानं. मला काम दिलं होतं की रक्त देऊन आलेल्या माणसाला थोडा वेळ बसवून ठेवायचं, बिस्किटं आणि सरबत द्यायचं, चक्कर येत नाही ना बघायचं आणि मगच सोडायचं. साधं काम, पण त्या टेबलावर दुसरं कुणी नव्हतं, मी उठले असते तर काम अडलं असतं. संध्याकाळी आवरताना एक सीनियर दीदी म्हणाली, "उद्या मीटिंगला येतेयस ना? यादी तुझ्याकडंच आहे." कॉलेजात माझ्यावाचून कुणाचं तरी काहीतरी अडणार होतं असं पहिल्यांदा झालं. ओळखी करून घ्या, मिसळा, असं सगळे सांगतात पण लाजऱ्या मुलीनं जाऊन काय बोलायचं? हातात काम असलं की बोलायला कारण मिळतं, हे मला एनएसएसमध्ये कळलं.

शिबिराबद्दल मात्र जरा जास्त लिहिणार. आमचं शिबिर कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात होतं. ह्याच तालुक्यातल्या वेळू गावानं 2016 ला पहिला वॉटर कप (पाणी फाउंडेशनची गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा) जिंकला, आणि 2018 ला आमच्या माणमधल्या टाकेवाडीनं, त्यामुळं इकडं श्रमदान म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मुक्काम झेडपीच्या शाळेत, पहाटे उठून आवरायचं, मग प्रभातफेरी, मग माळावर सीसीटी खोदायला, म्हणजे सलग समतल चर. उतारावरून पळणारं पाणी चरात अडायचं आणि मुरायचं, पण त्यासाठी चर एका पातळीतच पाहिजे, एका अंगाला उतरता झाला तर सगळं पाणी त्या टोकाला जाऊन बांध फोडतं. पातळी काढायला ए फ्रेम असते. दोन काठ्या वर एकत्र बांधलेल्या, मध्ये आडवी पट्टी, आणि वरून दोरीला दगड लटकवलेला. दोरी पट्टीवरच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत, तिथं खुणेला चुन्याची फक्की टाकायची आणि फ्रेम पुढं फिरवायची. वारा असला की दगड डोलत राहतो, तो थांबेपर्यंत दम धरावा लागतो, गडबड केली की रेघ चुकलीच. गावातले एक आजोबा रोज येऊन बघत बसायचे आणि रेघ जराशी हलली तरी लांबूनच ओरडायचे, "पोरांनो, पाणी तुमचं ऐकणार न्हाय, तुम्हीच पाण्याचं ऐका!"

तिथं काय झालं, की ज्या मुलींसमोर मला माझं माणदेशी बोलणं नकोसं व्हायचं त्याच मला विचारायला लागल्या की टिकाव कसा धरू, हाताला फोड येऊ नये म्हणून काय करू, मुरूम लागला तर काय. मला हे सगळं घरचं. दोन दिवसांत आमच्या गटाची गटप्रमुख मीच झाले. रात्री वर्गात सतरंज्या टाकून झोपायचो तेव्हा कुणाच्या घरी काय अडचण आहे, कोण फी कशी भरतंय, हे असलं सगळं निघायचं, वर्षभर एका बेंचवर बसून जे कधी निघालं नव्हतं. त्यातल्या तिघीचौघी आजही माझ्या घरातल्यासारख्या आहेत.

बाकी शिकायला मिळालं ते पण खरं आहे. घरोघरी सर्व्हे करताना अनोळखी माणसाशी नीट बोलायला शिकले, जेवणाच्या किराण्याचा जमाखर्च माझ्याकडं होता, आणि समारोपाला सरपंचांसमोर माइकवर बोलले. आधी वर्गात प्रश्न विचारायला पण माझा आवाज फुटत नव्हता.

असंच माझ्या मावसबहिणीचं झालं, ती 2019 ला सांगलीत शिकत होती. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी 45 फूट आहे. पाणी उतरल्यावर ती मैत्रिणींबरोबर गावभागात घरं साफ करायला जायची, गुडघाभर चिखल, भिजलेल्या गाद्या, पोरांची वह्यापुस्तकं. ती म्हणते की त्याआधी सांगली म्हणजे फक्त कॉलेजचं गाव होतं, त्यानंतर माझं गाव झालं. ती मूळची जतची.

आणि साताऱ्याला हे एकत्र राबून जोडलं जाणं काय नवीन नाही. कर्मवीर अण्णांनी (भाऊराव पाटलांनी) 1924 ला इथं बोर्डिंग काढलं, 1927 ला गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं, तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची, राबायची आणि शिकायची. कमवा आणि शिका आजही चालू आहे. मी शिबिरात पन्नास जणांच्या पंगतीला वाढत होते तेव्हा मला ते सारखं आठवत होतं.

एक स्टार का कापला ते सांगते. काही कार्यक्रम निव्वळ फोटोसाठी होतात, बॅनर धरा, झाडाला हात लावून उभे राहा, झालं. ते झाड पुन्हा कुणी बघत नाही आणि असल्या तासांनी कुणी जोडलं पण जात नाही. दुसरं, शिबिरात मुलींसाठी बाथरूमची सोय फार अपुरी होती, पहाटे चारपासून नंबर लावायचो, हे आधीच बघायला पाहिजे होतं आणि मी लेखी दिलं पण होतं. तिसरं म्हणजे सर्टिफिकेटला फार उशीर. तास डायरीत लगेच लिहून त्याच आठवड्यात सही घेत जा. नव्या शैक्षणिक धोरणात एनएसएसला क्रेडिट पण आहेत, त्यामुळं आता गर्दी वाढणार, नुसत्या क्रेडिटसाठी येणारे पण असतील, येऊ देत, शिबिरात त्यांच्या पण हातात टिकाव येतोच.

नावनोंदणी कॉलेज सुरू झाल्या झाल्या होते, नोटीस बोर्ड बघत जा. घरचे सात दिवस मुक्कामी सोडत नसतील तर मॅडमना आईशी फोनवर बोलायला सांगा, माझ्या आईचं तसंच जमलं. शिबिराला सुती फुल बाह्यांचे कपडे, टोपी, जाड मोजे, बॅटरी आणि हातमोजे न्या, हातमोजे तिथं मिळत नाहीत. अजून काही विचारायचं असेल तर विचारा, मी सांगेन.