बारचं स्टेज की कुणाची तरी खोली: प्रयोगशील बँड ऐकायला कुठे जाल?

एकच बँड शुक्रवारी बारमध्ये वाजवणार आहे आणि रविवारी कुणाच्या तरी घरात, तळघरात नाहीतर रिकाम्या गोदामात. दोन्हीकडे जाणं जमणार नाही. मग कुठे जावं? हा प्रश्न मला कुणी विचारला की मी आधी उलट विचारतो, बँड वाजवतो काय? बांधलेली गाणी असतील, ताल धरून नाचायचं असेल, तर बारमध्ये जा, विषय संपला. पण नॉइज (गोंगाटालाच संगीत मानणारं), ड्रोन (एकच सूर लांबवत नेणारं), मुक्त इम्प्रोव्हायझेशन (आधी काही न ठरवता वाजवलेलं), किंवा गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवर स्क्रूड्रायव्हर फिरवणारी मंडळी असतील, तर थोडं थांबा.

वरवरच्या गोष्टी आधी उरकून घेऊ. बारच्या पोस्टरवरची वेळ ही दार उघडायची असते, वाजवायची नाही. प्रयोगशील बँडला बहुतेकदा सगळ्यात पहिली जागा मिळते, म्हणजे अजून कुणी आलेलं नसतं, किंवा सगळ्यात शेवटची, म्हणजे निम्मे लोक गेलेले असतात. खोलीतले शो शेजाऱ्यांच्या धाकाने वेळेवर सुरू होतात आणि वेळेवर आटपतात. पत्ता मात्र कधीकधी त्याच दिवशी संध्याकाळी कळतो. पैशांचं म्हणाल तर खोलीत डबा फिरतो आणि त्यात पडेल ते बहुधा थेट वाजवणाऱ्यांना जातं. बारमध्ये तिकिटाच्या पैशातून आधी जागेचा खर्च वजा होतो. तुमच्या खिशाला दोन्हीकडे फार फरक पडत नाही, बँडच्या खिशाला पडतो.

आता आवाज. बार म्हटलं की लोक पहिली तक्रार करतात ती गप्पांची. ती खरीच आहे. हळू भागात मागून कुणाच्या तरी ऑफिसातल्या भानगडी स्पष्ट ऐकू येतात. पण गप्पांची सवय होते, निदान मला तरी झाली. माझा काटा हलला तो वेगळ्याच कारणाने. ते कारण मिक्सरच्या, म्हणजे सगळ्यांचे आवाज जुळवायच्या टेबलाच्या, मागे उभं असतं, आणि खरं सांगायचं तर त्या माणसाचा त्यात फारसा दोष नाही.

साउंडवाल्याची सगळी विद्या शिट्टी थांबवण्याची. माइकमधला आवाज स्पीकरमधून बाहेर येतो, परत माइकमध्ये शिरतो, आणखी वाढून बाहेर येतो, आणि हे चक्र (यालाच फीडबॅक म्हणतात) वेळीच तोडलं नाही तर माइक बोंबलायला लागतो. म्हणून शो सुरू व्हायच्या आधी तो मुद्दाम माइकचा आवाज चढवत नेतो, कुठल्या पट्टीत शिट्टी फुटते ते बघतो आणि एकतीस पट्ट्यांच्या ग्राफिक इक्वलायझरवर (आवाजाचे उंच-खोल भाग वेगवेगळे कमीजास्त करणाऱ्या यंत्रावर) नेमकी ती पट्टी खाली ओढतो. मग पुढची. गाण्याच्या कार्यक्रमासाठी हे अगदी योग्य. पण शिट्टी कुठे फुटते? त्या खोलीला जो सूर सगळ्यात जास्त मानवतो तिथे. आणि आपला प्रयोगशील गिटारवाला रात्रभर शोधत असतो तोच सूर. म्हणजे त्याने पहिली तार छेडायच्या आधीच त्याचा शोध पीएमधून, म्हणजे हॉलच्या मोठ्या स्पीकरांमधून, अर्धा कापून टाकलेला असतो.

एका छोट्या बारमध्ये मी मिक्सरला खेटून उभा होतो. गिटारवाल्याने शेवटचा सूर छेडला, हात तारांवरून काढून घेतला आणि गिटारसकट अँपकडे, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीकडे, वळला. सूर विरण्याऐवजी फुगायला लागला. मग त्याच्या पोटातून वरचा एक सूर फुटला. गिटारचं तोंड जरा डावीकडे झुकलं की तो पातळ व्हायचा, परत सरळ आलं की दाट. सगळा खेळ बोटभर अंतराचा. तेवढ्यात माझ्या शेजारच्या हाताने एक फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकती कळ) सरळ खाली ओढला. स्टेजवरच्याने पायाने पेडल दाबून आवाज चढवला. इकडे फेडर आणखी खाली. तो अँपच्या आणखी जवळ सरकला. फेडर तळाला. शेवटी साउंडवाल्याने माझ्याकडे बघून मान हलवली, ‘ऐकतच नाही हा’ अशा अर्थाने. स्टेजवरचाही मनात बहुधा तेच म्हणत असावा.

हे एका रात्रीचं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण याची मुळं साउंडचेकमध्येच असतात. ‘अँप खाली करा, मी पीएमधून देतो’ हे वाक्य छोट्या जागांमध्ये हमखास ऐकू येतं. साउंडवाल्याच्या बाजूने बघितलं तर बरोबरच आहे, कारण स्टेजवरचा अँप मोठा असेल तर बाकीच्यांचा तोल त्याच्या हातात राहत नाही. पण गिटारचा फीडबॅक अँपच्या हवेने तारा हलल्याशिवाय उमलत नाही. अँप दबका ठेवला की गिटारवाला त्याच्यासमोर कितीही वेळ उभा राहो, तारा ढिम्म. पीएतून तोच आवाज हॉलभर ऐकू येतो, मोठाही असतो, पण ज्या तारांनी हलायचं त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

त्यात काही ठिकाणी शिट्टी आपोआप दाबून टाकणारं यंत्र बसवलेलं असतं. बराच वेळ टिकून राहिलेला एकच शुद्ध सूर दिसला की ते त्याला फीडबॅक समजतं आणि आवाजातून तेवढाच सूर कापून टाकतं. भाषणाला ठीक. सिंथेसायझरवर एक सूर मिनिटन्‌मिनिटं धरून बसणाऱ्या ड्रोन बँडला हे यंत्र चालू असेल तर काय होत असेल याची कल्पना करा. सूर हळूच नाहीसा होतो, वाजवणारा किंचित वर सरकतो, यंत्र पुन्हा त्याच्या मागे. आणि जिथे आवाजाच्या मर्यादेचा लिमिटर थेट विजेला जोडलेला असतो, तिथे मर्यादा ओलांडल्यावर स्टेजवरची वीजच जाते. अँप परत चालू होतो, पण ज्याने अर्धा तास लूपवर लूप (पेडलमध्ये रेकॉर्ड होऊन फिरत राहणारे तुकडे) चढवून काही उभं केलं होतं त्याच्या पेडलमधलं सगळं बहुतेकदा पुसलं जातं. तो पुन्हा शून्यापासून.

खोलीत हा मधला माणूसच नसतो. अँपमधून जे निघतं तेच तुमच्या अंगावर येतं. गिटारवाला सरकला की आवाज सरकतो, आणि का सरकला ते तुम्हाला डोळ्यांनी दिसतं. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात १९९५ ते २००१ या काळात फोर्ट थंडर नावाचं गोदाम होतं. कलाकार तिथेच राहायचे, तिथेच काम करायचे आणि तिथेच शो करायचे. त्या वर्तुळातला लाइटनिंग बोल्ट हा ड्रम्स आणि बास एवढ्याच जोडीचा बँड पुढे मोठ्या जागांमध्ये गेला, तरी कित्येक वर्षं स्टेजवर न चढता खाली जमिनीवर, गर्दीच्या मधोमध वाजवत राहिला. याला लोक हौस म्हणतात. मला त्यात हौसेइतकीच आवाजाची समजही दिसते.

खोली कधीकधी संगीतच बदलून टाकते. टोकियोत २००० ते २००५ या काळात ऑफ साइट नावाची इवलीशी जागा होती. भिंती पातळ, शेजार चिकटून, त्यामुळे जोरात वाजवण्याची सोयच नव्हती. तिथे वाजवणाऱ्यांनी आवाज जवळजवळ मिटवत नेला आणि त्यातूनच एक शांत, कण कण ऐकायला लावणारी पद्धत नावारूपाला आली. तोशिमारू नाकामुरा याच वर्तुळातला. तो मिक्सरला बाहेरून काहीही जोडत नाही, मिक्सरचाच आवाज मिक्सरमध्ये परत घालतो आणि त्यातून निघेल ते वाजवतो. साउंडवाल्याच्या दृष्टीने जो निव्वळ बिघाड, ते याचं वाद्य. शिट्टी दाबायलाच बसलेल्या हातात हा माणूस सोपवायचा म्हणजे अवघडच.

आता खोलीचे दोष. ते आहेत आणि मी ते झाकणार नाही. गाणारा असेल तर त्याचा एक शब्द कळणार नाही, कारण ड्रम्सला कशाची गरज नसते आणि गळ्याला एक केविलवाणा स्पीकर मिळालेला असतो. अँप घरातल्या वेगवेगळ्या सॉकेटांवर लटकलेले असतात, त्यामुळे गुंऽऽ असा आवाज पाठीमागे बहुतेकदा असतोच. ड्रोन बँड असेल तर निदान तो सुरात बसवून घेतात.

बासचा घोळ मात्र समजून घेण्यासारखा आहे. चार मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपासचा आवाज भिंतींमध्ये अडकून घुमतो, आणि बास गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झच्या जवळ वाजते. हा घुमणारा आवाज भिंतींपाशी सगळ्यात जास्त आणि बरोबर मधोमध जवळजवळ नाहीच. त्यामुळे चांगली जागा म्हणून खोलीच्या मध्यावर उभे राहणारे लोक घरी जाऊन सांगतात की बास नव्हताच, आणि भिंतीला टेकलेल्यांच्या बरगड्या अजून हलत असतात. बारमध्ये जागा मोठी, सबवूफर वेगळे, त्यामुळे खालचा आवाज बराच समान पसरतो. खोल इलेक्ट्रॉनिक बासवर उभा असलेला बँड असेल तर इथे बारला झुकतं माप द्यावं लागेल.

कानांबद्दल दोन शब्द. सामान्यतः धरला जाणारा हिशेब असा: ८५ डेसिबल आठ तास चालतात, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या जागांसाठी जी मर्यादा सुचवली तीही सरासरी १०० डेसिबलचीच आहे. बारमध्ये निदान कुणाकडे तरी मीटर असतो. छोट्या खोलीत हातभर अंतरावर झांज फुटत असते आणि मोजणारं कुणी नसतं. इयरप्लग खिशात हवेतच. फोमचे स्वस्त पडतात पण वरचे सूर खाऊन टाकतात. वादकांसाठी मिळतात ते सगळा आवाज साधारण सारखा खाली आणतात, त्यामुळे या प्रकारच्या संगीतात तेच घ्यावेत.

आणि सुरक्षितता. २ डिसेंबर २०१६ च्या रात्री अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमधल्या घोस्ट शिप नावाच्या गोदामाला कार्यक्रम चालू असताना आग लागली आणि ३६ माणसं गेली. कार्यक्रम वरच्या मजल्यावर होता आणि इमारतीत पाण्याचे फवारे नव्हते. तेव्हापासून कुठल्याही खोलीत शिरलो की मी आधी दुसरं दार बघतो. दुसरं दार नसेल, किंवा त्याच्यासमोर ड्रमच्या पेट्या रचलेल्या असतील, तर बँड कितीही आवडता असो, मी परत फिरतो. या एका बाबतीत बारशी तुलना होऊच शकत नाही.

संकोचाचंही बघा. बारमध्ये आवडलं नाही तर ग्लास घेऊन मागे सरकता येतं, कुणाला पत्ता लागत नाही. खोलीत बाहेर पडायचं तर केबली ओलांडत, वाजवणाऱ्याच्या गुडघ्याला घासून जावं लागतं. पहिल्यांदाच जाणाऱ्याला, सोबत नाखूश मित्र असेल त्याला, किंवा जिने चढणं कठीण असेल त्याला मी अजूनही बारच सुचवीन.

तिसरा पर्याय बसून ऐकण्याच्या जागांचा. न्यूयॉर्कमध्ये संगीतकार जॉन झॉर्नने २००५ साली ‘द स्टोन’ सुरू केलं तेव्हा तिथे खाणंपिणं विकायचंच नाही आणि दाराशी जमलेले पैसे वाजवणाऱ्यांचे, असा नियम ठेवला. लंडनचं ‘कॅफे ओटो’ २००८ पासून याच वळणाचं संगीत जपत आलं आहे. अशी जागा जवळ असेल तर इतर काही वाचायची गरज नाही. बहुतेक ठिकाणी नसते, आणि असली तरी जरा गोंगाटी बँडला खुर्च्यांसमोर उगाच परीक्षा दिल्यासारखं वाटतं.

तेव्हा फीडबॅक, ड्रोन किंवा अगदी हळू वाजणारं काही असेल आणि दुसरं दार मोकळं असेल, तर मी रविवारची वाट बघेन. तुमचं मत वेगळं पडू शकतं, बारमधला एखादा साउंडवाला या संगीताचा जाणकारही निघतो, आणि तसा निघाला तर माझी निम्मी तक्रार बाद. तो आधी बँडला ‘तुम्हाला शिट्टी हवी आहे का?’ असं विचारतो, त्यावरून ओळखू येतो.

आणि शुक्रवारच जमत असेल, तर नेहमीचा सल्ला बाजूला ठेवा. मिक्सरपाशी आवाज सगळ्यात चांगला असतो असं सगळे सांगतात, या बँडांच्या बाबतीत तिथे तुम्हाला साउंडवाल्याचं मत ऐकू येतं. स्टेजच्या कडेला, गिटारवाल्याच्या अँपच्या तोंडासमोर जा. तिथे पीएचा आवाज तुमच्या डोक्यावरून जातो आणि अँपचा थेट छातीवर येतो. इयरप्लग घालून.