जर्मनीतील विद्यार्थी आरोग्य विमा: पंधरा महिन्यांच्या वापरानंतर, विशेषतः सरकारी विम्यातून सूट घेऊ पाहणाऱ्यांसाठी

ऑक्टोबर 2024 मध्ये मी आखेन येथे एम.एस्सी.साठी आले आणि पहिल्या दिवसापासून इथल्या सरकारी पद्धतीच्या आरोग्य विम्यात आहे. हे मी डिसेंबर 2025 मध्ये लिहिते आहे. या पंधरा महिन्यांत एक शस्त्रक्रिया झाली, दातांचे एक दुखणे झाले, सर्दी-तापासाठी तीन-चार वेळा डॉक्टरांकडे जाणे झाले आणि विमा संस्थेशी भरपूर पत्रव्यवहार झाला, म्हणून हे लिहिण्याइतका अनुभव जमा झाला आहे असे वाटते. संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण विद्यार्थ्यांचा मूळ हप्ता आणि कायद्याने ठरलेले उपचार सर्व सरकारी विमा संस्थांत सारखेच असतात. फरक असतो तो मुख्यतः अतिरिक्त हप्त्याचा आणि सेवेचा.

प्रथम सक्तीविषयी. जर्मनीत विद्यापीठात नाव नोंदवायचे तर आरोग्य विमा असलाच पाहिजे, आणि त्याचा दाखला आपण कागदावर नेऊन द्यायचा नसतो. विमा संस्था तो थेट विद्यापीठाला इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कळवते. 2022 पासून ही पद्धत आहे. वय तीसच्या आत असेल तर विद्यार्थी दरात प्रवेश मिळतो. आधी कोणता आजार होता, कोणती औषधे चालू आहेत, असे काहीही विचारले जात नाही आणि आपल्याकडच्या मेडिक्लेमसारखा वेटिंग पिरियडही नसतो. विमा सत्राच्या सुरुवातीपासून लागू होतो. त्यामुळे सप्टेंबरात उतरणाऱ्याला मधल्या आठवड्यांसाठी प्रवास विमा वेगळा घ्यावा लागतो. व्हिसासाठीही तो लागतोच.

हप्ता स्वस्त नाही. मी आले तेव्हा महिन्याला साधारण 132 युरो जात होते, जानेवारी 2025 पासून 144 युरो जाऊ लागले. यात आरोग्य विम्याचा 10.22 टक्के हा विद्यार्थी दर आहे (सरकारी शिष्यवृत्तीच्या 855 युरो या मूळ रकमेवर), त्यावर संस्थेचा अतिरिक्त हप्ता आहे आणि शुश्रूषा विमा (पुढे कधी दीर्घकाळ देखभाल लागली तर त्यासाठीचा) आहे. तेवीस वर्षे पूर्ण झालेल्या, मूल नसलेल्या व्यक्तीला शुश्रूषा विम्यात 0.6 टक्के जादा भरावे लागतात, हे मला पहिली पावती येईपर्यंत कोणीही सांगितले नव्हते. ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून) महिन्याला 992 युरो हाती येतात, त्यातला सातवा हिस्सा विम्यालाच जातो. घरून पैसे मागवणाऱ्या मुलामुलींना हा आकडा टोचतो, आणि सूट घेण्याचा विचार इथूनच सुरू होतो.

ही सूट, जिला इथे ‘बेफ्रायउंग’ म्हणतात, नेमकी काय आहे हे नीट समजून घेतले पाहिजे. विम्याची सक्ती लागू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज करून सरकारी विम्यातून बाहेर पडता येते, मात्र त्यासाठी दुसरा खासगी विमा असल्याचा पुरावा द्यावा लागतो. एकदा सूट मिळाली की ती मागे घेता येत नाही आणि त्या शिक्षणाच्या संपूर्ण काळासाठी ती बांधून ठेवते. युरोपीय संघातून आलेल्या विद्यार्थ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्याकडे मायदेशातील विम्याचे युरोपीय कार्ड असते आणि त्यावर त्यांचे भागते. भारतात घेतलेला मेडिक्लेम मात्र इथे त्या जागी धरला जात नाही, हे घरच्यांना समजावून सांगायला मला दोन रविवार लागले.

माझ्याबरोबर आलेल्या एका मैत्रिणीने ही सूट घेतली. भारतातून निघण्यापूर्वीच एका एजंटाने तिला महिना चाळीस युरोच्या आतली पॉलिसी दिली होती आणि ‘युनिव्हर्सिटीला चालते’ असे सांगितले होते. विद्यापीठाला ती चालली, हे खरे. पण मार्च महिन्यात तिला मुतखड्याचा त्रास पुन्हा सुरू झाला, आणि तो प्रवासापूर्वीपासूनचा आजार असल्याचे कारण देऊन दावा नाकारला गेला. तिने सरकारी विम्यात परत येण्यासाठी विचारणा केली तेव्हा उत्तर आले की शिक्षण चालू असेपर्यंत विद्यार्थी म्हणून ते शक्य नाही, विम्याची सक्ती असलेली नियमित नोकरी लागली तरच दार उघडेल. सोनोग्राफीचे आणि यूरोलॉजिस्टचे बिल तिने स्वतः भरले. महिन्याला शंभर युरो वाचवण्याचा हिशेब तिने भारतात बसून, कोणताही त्रास होत नसताना केला होता, आणि त्या वेळी मीही तिला अडवले नाही, याची मला खंत आहे.

माझी शस्त्रक्रिया फेब्रुवारीत झाली. रविवारी रात्री पोटात उजवीकडे खाली असह्य कळ येऊ लागली, शेजारच्या खोलीतील मुलीने 112 वर फोन केला आणि रुग्णवाहिका आली. अॅपेंडिक्स होते. दाखल करताना काउंटरवरील बाईंनी माझा फोटो असलेले विम्याचे हिरवट कार्ड लहानशा यंत्रात सरकवले, बारीक बीप वाजला, त्यांनी कार्ड परत दिले आणि दोन ठिकाणी सह्या घेतल्या, एवढाच कागदोपत्री भाग. सांगलीहून बाबांचा पहिला प्रश्न होता, ‘डिपॉझिट किती मागितलं?’ काहीही मागितले नव्हते, आणि ते त्यांना दोनदा सांगावे लागले. चार दिवस राहिले. काही आठवड्यांनी रुग्णालयाचे पत्र आले: दिवसाला 10 युरोप्रमाणे 40 युरो. रुग्णवाहिकेचे 10 युरो वेगळे. एकूण 50 युरोंत सारे निपटले. रुग्णालयातील हा दैनिक आकार वर्षाला जास्तीत जास्त 28 दिवसांचाच घेतात. औषधांसाठीही असेच आहे: प्रिस्क्रिप्शनवरील औषधाच्या किमतीचे 10 टक्के, पण किमान 5 आणि कमाल 10 युरो. प्रिस्क्रिप्शन आता कागदावर नसते, औषधाच्या दुकानात तेच कार्ड लावले की औषध समोर येते.

उणिवाही आहेत, आणि त्या लहान नाहीत. तज्ज्ञ डॉक्टरांची वेळ मिळणे फार कठीण जाते. त्वचारोगतज्ज्ञांकडे मला अडीच महिन्यांनंतरची तारीख मिळत होती. शेवटी फॅमिली डॉक्टरांनी तातडीचा कोड असलेली चिठ्ठी दिली आणि 116117 या डॉक्टरांची वेळ मिळवून देणाऱ्या फोन सेवेमार्फत तीन आठवड्यांत वेळ मिळाली. ही सोय आहे हे आधी माहीत असते तर एवढे दिवस खाज सोसावी लागली नसती. दातांची स्वच्छता बहुतेक स्वतःच्या खर्चानेच करावी लागते, प्रौढांच्या साध्या चष्म्याला पैसे मिळत नाहीत, आणि दाताला कॅप बसवायची तर ठरावीक मदतीच्या पलीकडचा खर्च आपला. चष्मे भारतातून दोन घेऊन यावेत. विमा संस्थेची पत्रे जर्मनमध्ये येतात आणि त्यातील एक मी पंधरा दिवस न वाचता ठेवले होते. ते हप्ता थकल्याचे स्मरणपत्र निघाले. हप्ता थकत राहिल्यास संस्था विद्यापीठाला कळवते आणि नाव कमी होण्यापर्यंत वेळ येऊ शकते, म्हणून मी लगेच बँकेतून स्वयंचलित कपात सुरू केली.

अर्धवेळ कामाबाबत एक सूचना आवश्यक वाटते. सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांच्या आत काम केले तर विद्यार्थी दर कायम राहतो. नियमितपणे त्याहून जास्त झाले तर आपण नोकरदार ठरतो आणि हप्त्याचे गणितच बदलते. शिक्षण संपल्यावरही विद्यार्थी दर संपतो, पण सरकारी विम्यात असलेल्याला स्वेच्छेने पुढे राहता येते. नोकरी शोधण्याच्या काळात तो हप्ता दुपटीच्या जवळ जातो. सूट घेतलेल्या माझ्या मैत्रिणीला मात्र हा मार्गही उपलब्ध नाही.

माझा मामेभाऊ येत्या एप्रिलच्या सत्राला येतो आहे आणि तो एकतीस वर्षांचा आहे, म्हणजे त्याला विद्यार्थी दरात प्रवेशच नाही. खासगी विमा त्याच्यासाठी निवड नसून एकमेव मार्ग आहे. त्याला मी तीनच गोष्टी लेखी विचारायला सांगितल्या आहेत: खर्चाला कमाल मर्यादा आहे का, आधीचे आजार धरले जातात का, आणि परदेशी नागरिक कार्यालय निवास परवाना वाढवताना ही पॉलिसी स्वीकारते का. तो सक्तीच्या विम्यात बसत नसल्याचेही सरकारी विमा संस्थेकडून विद्यापीठाला कळवावे लागते, तो अर्ज त्याने कालच भरला.