फायनलचे हललेले फोटो आणि घरातला छोटा प्रिंटर: उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

फोटोच धड आले नाहीत तर प्रिंटर घेऊन करायचं काय, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझ्याकडे धड फोटो नव्हतेच.

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला क्रिकेट वर्ल्डकपची फायनल होती, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. सोलापूरहून मी, आई आणि पुतणी असे तिघं गेलो होतो. सकाळची वंदे भारत, कल्याणला उतरून ठाण्यामार्गे नेरूळ, रात्री मावशीकडे मुक्काम. आईचे गुडघे बघता असा योग पुन्हा येणं अवघड, आणि भारताच्या मुली पहिल्यांदा वर्ल्डकप जिंकताना समोर बसून बघणं तर पुन्हा नाहीच. परतीच्या गाडीत फोन उघडला तर निम्मे फोटो हललेले, उरलेल्यांत समोरच्याचं डोकं. पुतणी म्हणाली, "काका, मारा डिलीट." मी काही मारले नाहीत. नोव्हेंबर संपता संपता हा पोस्टकार्ड आकाराचे फोटो छापणारा प्रिंटर मागवला. आता मे चालू आहे, बोलायला हरकत नाही.

आधी फोटो का बिघडले ते सांगतो, कारण प्रिंटरकडून काय अपेक्षा ठेवायची ते त्यावर ठरतं. मोठा कॅमेरा आत नेता येत नाही, म्हणजे जे काय ते फोनवर. त्या दिवशी पावसामुळे मॅच सुरू व्हायलाच संध्याकाळचे पाच वाजले, म्हणजे बराचसा खेळ दिव्यांखाली. मैदानावर उजेड भरपूर असतो, पण आपण बसतो तिथे अंधार. त्यामुळे खेळाडू स्थिर येतात पण टिकलीएवढे, आणि आपली माणसं मोठी येतात पण हललेली. शिवाय लेन्सवर दमट हात फिरलेला, म्हणून प्रत्येक फ्लडलाइटभोवती प्रभावळ. शेफाली वर्माच्या ८७ धावांतले माझ्याकडचे सगळे फोटो बघितले तर निळ्या कपड्यातली एक व्यक्ती बॅट घेऊन उभी आहे एवढंच कळतं. ती स्मृती मानधना आहे म्हटलं तरी कुणी वाद घालणार नाही.

आता यंत्राकडे येऊ. हा शाईचा प्रिंटर नाही, डाय-सब्लिमेशन म्हणतात त्या प्रकारातला आहे. रिबनवरचा रंग उष्णतेनं कागदात उतरतो. कागद चार वेळा आत-बाहेर करतो: आधी पिवळा, मग गुलाबी, मग निळा, शेवटी पारदर्शक थर. मिनिटभराच्या आत काम होतं. पहिल्या दिवशी आई खुर्ची ओढून समोरच बसली होती. पिवळा कागद बाहेर आला तेव्हा म्हणाली, "बिघडलं वाटतं." गुलाबी चढला तेव्हा गप्प बसली. निळा चढून कागद परत बाहेर आला आणि त्यात ती स्वतः दिसली, तेव्हा तिनं ओढायलाच हात घातला. हे मात्र कुणालाच करू देऊ नका, शेवटचा थर बाकी असतो आणि कागद अडकतो. बाहेर आलेला प्रिंट कोरडा असतो. दोन्ही टोकांच्या पट्ट्या भोकांच्या रेषेवर दुमडून तोडायच्या, झालं.

माझ्यासारख्यांना कामाची गोष्ट म्हणजे या आकाराला फार पिक्सेल लागत नाहीत. ३०० डीपीआयच्या (एका इंचात ३०० ठिपके) हिशोबानं साधारण १७५० बाय ११८० पिक्सेल पुरतात. फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० असतो, म्हणजे त्यातला सहावा हिस्सा कापून घेतला तरी प्रिंट फुटत नाही. मागच्या रांगेतल्या एका ताईंनी आमचा तिघांचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला होता. तो तर आधीच दाबून लहान झालेला, तरी पोस्टकार्डवर ठीक आला. तिघंही एकत्र असलेला तो एकच. मात्र फोनचा फोटो चौकोनाकडे झुकलेला असतो आणि कागद लांबट, त्यामुळे वरखाली कापलं जातं. आपोआप कापू दिलं तर एखाद्याचं कपाळ जातं, म्हणून फ्रेम हातानं सरकवून घ्यायची. आणि फोनवर दिसतो त्यापेक्षा प्रिंट काळपट येतो, म्हणून ब्राइटनेस थोडा चढवूनच पाठवायचा.

एआयनं फोटो सुधारून बघायचा मोह सगळ्यांना होतो, पुतणीनंही तो उद्योग केला. आपल्या अमनज्योत कौरनं दक्षिण आफ्रिकेची कॅप्टन लॉरा वोल्व्हार्टचा झेल हातातून उडत उडत शेवटी पकडला, त्यानंतर सगळ्या जणी तिच्याकडे धावल्या तेव्हाचा फोटो होता. ॲपनं चेहरे गुळगुळीत करून दिले, पण ते त्या मुलींचे नव्हतेच. जर्सीवरची अक्षरंही कुठल्याच लिपीत बसेनात. धूसर फोटोत माहितीच नसते, ॲप ती मनानं भरतं. तो प्रिंट मी ठेवला नाही. हललेला मूळ फोटो छापला आणि तोच अल्बममध्ये आहे.

सगळ्यात जास्त हाताळलेला प्रिंट शेवटच्या विकेटचा आहे. दीप्ती शर्माचा चेंडू, त्यांच्या डी क्लर्कनं मारला, आपली कॅप्टन हरमनप्रीतनं मागे पळत जाऊन झेल घेतला, दक्षिण आफ्रिका २४६ वर ऑलआउट. देशानं हा झेल टीव्हीवर पाहिला. माझ्या फोटोत अर्धी जागा एका अनोळखी माणसाच्या निळ्या बाहीनं आणि कोपरानं अडवली आहे, स्कोअरबोर्ड पांढरा जळालाय, मैदान तिरकं झालंय. उजव्या खालच्या कोपऱ्यात आई आहे: चष्मा नाकावर घसरलेला, तोंड उघडं, एका हातात पाण्याचा कागदी ग्लास आणि त्यातलं पाणी हवेत. प्रिंट हातात घेतल्यावर आई आधी म्हणाली, "मॅच कुठं दिसायलीय ह्यात?" आणि मग तो पर्समध्ये ठेवून दिला. दुसरी प्रत काढावी लागली. हरमनचा झेल हवा असेल तर तो चांगल्या कॅमेऱ्यांनी टिपलेला शेकडो ठिकाणी मिळेल. हा दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. याच हिशोबानं मी नंतर निवड केली: मैदानाचे थोडे, आपल्या माणसांचे सगळे, कितीही हललेले असोत.

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला पाहुणे आले तेव्हा पारदर्शक थराची खरी परीक्षा झाली. भाकरी आणि शेंगाचटणी चालू असताना अल्बम फिरला. तेलाची बोटं प्रिंटवर उमटली, कोरड्या सुती कपड्यानं पुसली, डाग राहिला नाही. फोन फिरवला असता तर दोन फोटोंनंतर कुणीतरी रील्सकडे वळलं असतं, हे माझं मत. "नवगिरे नव्हती का गं टीममध्ये?" असंही एका काकूंनी विचारलं. किरण नवगिरे आपल्या जिल्ह्याची, टी-२० मध्ये १६२ ठोकलेली, त्यामुळे हा प्रश्न सोलापुरात येणारच. नव्हती.

आता तक्रारी. आमच्या शेजारी यंत्रमाग आहेत, दिवसभर बारीक रुई उडते. एक तंतू कागदावर बसला की तिथे रंग उतरत नाही, पांढरी रेघ राहते. आईच्या गालावर अशी एक रेघ आलेली आहे, ती आता कायमची. कागदाचा ट्रे उघडा सोडायचा नाही आणि काम झालं की प्रिंटर कपड्याखाली झाकायचा, हे दोन नियम आमच्याकडे आता पक्के आहेत. एप्रिलपासून दुपारी छपाई बंदच केली, सलग प्रिंट काढले की यंत्र गरम होऊन मध्ये थांबत होतं. सकाळी लवकर ही अडचण येत नाही.

खर्चाचं म्हणाल तर नव्या पेठेतल्या स्टुडिओपेक्षा घरचा प्रिंट दुपटीहून महाग पडतो, यात फसू नका. रिबनच्या एका कॅसेटमध्ये ३६ प्रिंट म्हणजे ३६च. फोटो काळाकुट्ट असो की कोरा, रिबनचा तेवढाच तुकडा जातो, उरलेला रंग पुन्हा वापरता येत नाही. वापरलेली रिबन उजेडात धरली तर त्यावर तुमचा फोटो उलट्या रंगांत दिसतो, तेव्हा घरगुती फोटो असतील तर ती कापूनच कचऱ्यात टाका.

अल्बम घेताना जुना मऊ, वास येणारा प्लास्टिकचा घेऊ नका, त्याला प्रिंट चिकटतो आणि रंग सुटतो. पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकच्या कप्प्यांचा मागा. पश्चिमेच्या खिडकीसमोर भिंतीवर लावलेला एक प्रिंट उन्हाळ्यात फिका पडलाय. अल्बममधली त्याचीच प्रत शेजारी धरली की निळ्या रंगातला फरक स्पष्ट कळतो.

लग्नाचे, बारशाचे ढीगभर फोटो काढायचे असतील तर सरळ स्टुडिओत जा. मोठी फ्रेम हवी असेल तरीही तिथेच, हे यंत्र पोस्टकार्डच्या पुढे जात नाही. आई त्या शेवटच्या विकेटचा फोटो मोठा करून मागतेय. मी टाळतोय, कारण मोठा केला की पहिल्यांदा त्या माणसाचं कोपर मोठं होणार.