जर्मन शॉकअप म्हणून माझेच जुने शॉकअप मला विकले

आधीच सांगतो, यात माझा मूर्खपणा भरपूर आहे, त्यामुळे हसू आलं तर हसा. पण पोलो, पुंटो, जुनी फॅबिया असली गाडी जिवापाड सांभाळणारे जे लोक आहेत त्यांनी पूर्ण वाचा, कारण माझ्याबरोबर जे झालं ते नेमकं अशाच लोकांबरोबर होतं.

गाडी पोलो जीटी टीएसआय, २०१४ ची, चाकणमध्येच बनलेली, १.२ टर्बो पेट्रोल, १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मी २०१९ ला सेकंड हँड घेतली आणि २०२३ च्या पावसाळ्यात मीटर ९६ हजारवर होता. इंजिन कडक, पण खालून गाडी पार म्हातारी झालेली. सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर डावीकडून टक टक, साताऱ्याहून येताना बोगदा संपला की नवले ब्रिजच्या उतारावर गाडी होडीसारखी डुलायची, आणि पुढच्या टायरवरून हात फिरवला की खवले खवले लागायचे. शॉकअप गेला की चाक रस्त्याला चिकटून राहत नाही, बारीक उड्या मारत पळतं, म्हणून टायर असा ठिकठिकाणी झिजतो, हे मला माहीत होतं. तेच तर दुखणं आहे, मला बरंच काही माहीत होतं.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने शॉकअप, माउंटिंग, लोअर आर्मचे रबरी बुश आणि लिंक रॉड मिळून पासष्ट हजाराचं एस्टिमेट दिलं. म्हणलं एवढे पैसे घालून परत तेच स्टॉक बसवायचं? थोडे अजून घालू आणि एकदाच काहीतरी भारी करू. इथून घसरण सुरू झाली.

एका मित्राच्या मित्राने हायवेलगतच्या एका गॅरेजचं नाव सुचवलं. बाहेर तीन-चार खाली बसवलेल्या पोलो, भिंतीवर बिलस्टीन या जर्मन शॉकअप कंपनीचा पिवळा-निळा बॅनर, आणि मालक पस्तिशीचा, गोड बोलणारा. माझ्याबरोबर टेस्ट राईड मारून आला आणि म्हणाला, "सर, गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं गाडी खाली करून द्या, बास. तुम्ही पहिले आहात ज्यांनी रिबाउंडबद्दल विचारलं." रिबाउंड म्हणजे दाबलेला शॉकअप परत उघडताना उसळी किती आवरतो ते. राव, त्या एका वाक्यावर मी विरघळलो. पुढचा अर्धा तास आम्ही चहा पीत बिलस्टीनच्या बी६ आणि बी८ शॉकअपमधला फरक बोलत बसलो, म्हणजे बी६ मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी आणि बी८ खाली बसणाऱ्या स्प्रिंगसाठी, त्याची लांबीच कमी असते वगैरे, सगळं बरोबर सांगत होता तो. माणसाला विषय येतो म्हणजे माणूस प्रामाणिक आहे असं मी कसं काय धरलं देव जाणे.

त्याच्याकडे म्हणे एक बी८ चा सेट आणि सोबत ३० मिलीमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंग पडून होत्या, कोणीतरी मागवून नंतर गाडीच विकून टाकली. सगळं मिळून १ लाख १८ हजार, बुश-माउंटिंग-लिंक रॉड आणि मजुरी धरून, घासाघीस करून ९२ वर आला. बिल पाहिजे तर वर जीएसटी. मी म्हणलं बिल राहू दे. ६० हजार यूपीआयने दिले, तेही त्याच्या मेव्हण्याच्या नंबरवर, बाकीचे रोख. आता लिहितानाच लाज वाटतेय.

गाडी तीन दिवस तिकडे. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ आला, खोका उघडतोय, आत पिवळेधमक शॉकअप. संध्याकाळी मी स्वतः गेलो तर "सर, खोके सकाळीच भंगारवाल्याने नेले." माझं जुनं सामान विचारलं तर "तेल गळतंय सर, डिकी खराब होईल, काय करणार नेऊन?" मला ते पटलं पण. तिसऱ्या दिवशी ताबा दिला रात्री साडेआठला, धो धो पावसात, गाडी जमिनीवर. मी मोबाईलचा टॉर्च चाकाच्या फटीतून मारला, आत पिवळं दिसलं, जीव गार झाला. वर व्हील अलाइनमेंटचा प्रिंटआउट दिला, सगळे आकडे हिरवे. तो मी घडी करून ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकला.

गाडी कडक लागायची, खूपच कडक. मी दहा जणांना सांगितलं की जर्मन सेटअप असाच असतो. बाबा एकदा पुढे बसले, सिंहगड रोडपर्यंत गेलो, उतरताना कमरेवर हात ठेवून म्हणाले, "बैलगाडी बरी रे." मी त्यांना पार्किंगमध्ये उभं करून डँपिंग समजावलं. ते शांतपणे ऐकून घेऊन जिन्याने वर गेले.

दीड महिना झाला असेल. मुळशीवरून ताम्हिणी उतरताना एका वळणावर खड्डा आला, चाक खाली गेलं आणि परत वर येताना टंग करून असा आवाज आला की बायकोने डोळेच मिटले. स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं. माणगावला न जाता तिथूनच हळूहळू परत फिरलो आणि दुसऱ्या दिवशी भोसरीला अण्णांकडे गाडी नेली. अण्णा म्हणजे साधे मिस्त्री, बॅनर वगैरे काही नाही, आधी माझ्या जुन्या झेनचं काम तेच करायचे. मी तोंड वर करून सांगितलं, अण्णा, आत बिलस्टीन आहे, जपून.

गाडी लिफ्टवर गेली. अण्णांनी पहिल्यांदा मागची स्प्रिंग धरली आणि हाताने गोल फिरवली. फिरली! चाक लोंबकळत असताना स्प्रिंग अशी मोकळी फिरायला नको, ती दोन्हीकडे दाबलेली पाहिजे. काढून बघितली तर वरचं टोक ग्राइंडरने कापलेलं, धारदार, आणि ज्या रबरात ते बसतं ते रबर चिरलेलं. म्हणजे ३० मिलीमीटरच्या लोअरिंग स्प्रिंग वगैरे काही नाही, माझ्याच मूळ स्प्रिंगचा एक वेढा कापून वर लाल रंग मारलेला. वेढे कमी झाले की स्प्रिंग आपोआप कडक होते, म्हणून मला तो सगळा 'स्पोर्टी' अनुभव येत होता.

मग पुढचा स्ट्रट, म्हणजे पुढच्या चाकाचा शॉकअप. अण्णांनी डस्ट कव्हर वर सरकवलं आणि मला विचारलं, "काय दिसतंय?" बारीक चकचकीत दांडा. आणि मला तिथेच कळलं, कारण बी८ चा पुढचा स्ट्रट उलटा बसवलेला असतो, कव्हरखाली जाडजूड नळी दिसायला पाहिजे, बोटाएवढा दांडा नाही. हे मी पाच वर्षांपूर्वीच वाचलेलं! फक्त कव्हर वर करून बघितलं नव्हतं. अण्णांनी थिनरचा बोळा फिरवला, पिवळ्याखालून काळा आला, काळ्यावर व्हीडब्ल्यूचं चिन्ह आणि पार्ट नंबर. बुडाजवळ वेल्डिंगचा एक ठिपका. शॉकअप रिफिल करणारे तिथे भोक पाडतात, जाड तेल भरतात आणि भोक बुजवतात. गॅस काही परत भरत नाहीत. दांडा आत दाबला तर तिथेच बसून राहिला, वर यायचं नावच नाही, नंतर ओढला तर पहिली बोटभर चाल पोकळ आणि मग एकदम घट्ट.

तरी मला वाटत होतं की कुठल्यातरी दुसऱ्या पोलोचे असतील. तेवढ्यात डाव्या स्ट्रटवर ब्रेकचा पाइप धरणारी पट्टी दिसली, वाकडी. आदल्या वर्षी खंबाटकीत दगड लागून माझी पट्टी अशीच वाकली होती, आणि तेल गळतंय का हे विचारायला मी तेव्हा फोटो काढून एका मित्राला पाठवला होता. व्हॉट्सॲपमध्ये वर जाऊन तो फोटो शोधला. तीच पट्टी, तोच बाक. अण्णा म्हणाले, "अरे, तुझेच आहेत हे, रंगवून आणलेत." लिफ्टखाली उभा राहून मी किती वेळ काहीच बोललो नाही.

बाकीचं पटापट सांगतो. लोअर आर्मचे बुश बदललेच नव्हते, वरून टायरचं पॉलिश मारून काळे केलेले, बोटाने दाबलं की चिरा उघडायच्या. लिंक रॉड तेवढे नवीन होते, सगळ्यात स्वस्त तेच म्हणून असेल. आणि ग्लोव्ह बॉक्समधला अलाइनमेंटचा कागद उघडला तर त्यावर गाडी नंबर दुसऱ्याच कोणाचा आणि तारीख माझी गाडी गॅरेजमध्ये जायच्या चार दिवस आधीची. वरची एक ओळ, जी मी वाचलीच नाही.

मी गॅरेजवर गेलो. पहिल्यांदा सर, सर. फोटो दाखवले तर "तुम्ही दुसरीकडे गाडी उघडली, आता मी काय सांगू आत काय होतं?" आवाज चढवला तर खरा माणूस बाहेर आला. म्हणाला, "करा ना तक्रार, सस्पेन्शन मॉडिफाय केलंय तुम्ही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा, इन्शुरन्सवालेपण विचारतील." चार दिवस मी खरंच गप्प बसलो. या लोकांचं हेच कवच आहे, गिऱ्हाईकालाच वाटतं की आपणच काहीतरी चोरून केलंय. चुलतभाऊ वकील आहे, तो हसला, म्हणाला कापलेली स्प्रिंग विकली कोणी, बसवली कोणी, आधी तो अडकेल.

मग ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर तक्रार टाकली, आणि भावाने जिल्हा ग्राहक आयोगात जाणार अशी नोटीस पाठवली. आपण दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. बिल नसल्यामुळे पुरावा म्हणजे काय तर मेव्हण्याच्या नावावरचं यूपीआय, व्हॉट्सॲपवर त्याने लिहिलेलं "बी८ सेट रेडी सर", तो खोक्याचा व्हिडिओ, आणि माझा वाकड्या पट्टीचा फोटो. नोटीस गेल्यावर नवव्या दिवशी ४० हजार परत आले, सोबत मेसेज की आता मिटवून टाका. रोख दिलेल्या ३२ हजारांचा काही पुरावाच नव्हता आणि उरलेल्या वीससाठी मला दम राहिला नव्हता. मिटवलं. काहीजण म्हणतील लढायला पाहिजे होतं, बरोबर आहे, पण माझ्याच्याने नाही झालं.

गाडी अण्णांनी केली. साधे मूळ उंचीचे शॉकअप, नवीन स्प्रिंग, माउंटिंग, बंप स्टॉप, बुश, सगळं बिलासकट ५८ हजार. प्रत्येक खोका माझ्यासमोर फोडला, नंबर मी लिहून घेतला, आणि बुशचे बोल्ट त्यांनी गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळले, हवेत आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं म्हणे. त्या दुसऱ्या गॅरेजात हे झालं होतं का, हा प्रश्नच नाही, कारण बुशला त्यांनी हातच लावला नव्हता.

नवले ब्रिजच्या उतारावर आता गाडी सरळ जाते. बाबा काही बोलले नाहीत, सिंहगड रोडला डुलकी काढली त्यांनी.

कापलेल्या स्प्रिंग आणि ते पिवळे शॉकअप अजून बाल्कनीत गोणीत आहेत. पावसाळ्यात गोणीतून तेल झिरपून फरशीवर डाग पडलाय आणि दर रविवारी भंगारवाल्याची हाक आली की आई माझ्याकडे बघते.